उंची १६३ आणि १८६ : ई-माउंटन बाइकला क्रँक किती लांबीचा हवा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमची उंची १६३ सेमी, म्हणजे ५ फूट ४ इंच. तुमच्या मिस्टरांची १८६, म्हणजे ६ फूट १ इंच. राहायला म्युनिक. सुट्टीच्या दिवशी इझार नदीकाठच्या पायवाटा, कधी लेंगग्रीसच्या बाजूचे डोंगर. तुमच्या सायकलीला बॉशची परफॉर्मन्स लाइन सीएक्स मोटर आणि १७० मिमीचे क्रँक, म्हणजे पेडल ज्यांच्या टोकाला बसतं ते दांडे. त्यांच्या जुन्या सायकलीला शिमानोची ई८००० मोटर आणि १७५ मिमीचे. लांब चढावर तुमचा गुडघा पुढच्या बाजूने दुखतो आणि त्यांचं पेडल मुळांना, दगडांना आपटत राहतं. दुकानात विचारलं तर "उंचीप्रमाणे बसवले आहेत, बरोबर आहेत" असं उत्तर मिळालं. मग उंचीप्रमाणे बरोबर म्हणजे नेमके किती, हे तुम्हाला हवं आहे.

आधी उत्तर देतो, कारणं मागून. तुम्हाला १५५ मिमी, ते मिळाले नाहीत तर १६०. मिस्टरांना १६५. आणि क्रँक बदलले की त्याच दिवशी सीटची उंची बदलायची. ती बदलली नाही तर क्रँकवर घातलेले पैसे वाया जातात, आणि तुमच्या बाबतीत तर गुडघा आणखी दुखेल.

मी चौदा वर्षं सायकल-फिटिंग करतो आहे. त्यातली निम्मी वर्षं बिनमोटरच्या सायकलींवर गेली. तेव्हा मीही उंची पाहून क्रँक ठरवायचो, कारण तसंच शिकलो होतो : बुटक्याला १७०, उंचाला १७५, मध्ये कुणी अडून बसलाच तर १७२.५. ई-एमटीबी, म्हणजे मोटरच्या माउंटन बाइक, हातात यायला लागल्या आणि हा हिशेब मोडला. आता मला असं दिसतं की उंची, खरं तर पायाची लांबी, फक्त वरची मर्यादा सांगते. त्यापेक्षा लांब क्रँक त्या शरीराला झेपणार नाही, इतकंच. त्या मर्यादेच्या खाली कुठे थांबायचं हे चाकाखालची जमीन ठरवते.

लांब क्रँक वापरायचा तो कशासाठी? तरफेसाठी. पायाने तेवढाच जोर लावला तर लांब क्रँकवर जास्त टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, मिळतो. बिनमोटरच्या सायकलीवर खड्या चढाला तो जाणवतो, हे खरं आहे. तुमचा आकडा मांडून बघू. पेडलवर २०० न्यूटन जोर पडला तर १७० च्या क्रँकवर ३४ न्यूटन-मीटर टॉर्क होतो आणि १५५ वर ३१. म्हणजे साधारण नऊ टक्के कमी. घाबरायला होतं, पण छोट्या क्रँकवर पाऊल लहान वर्तुळात फिरतं. पावलाचा वेग तोच ठेवला तर १७० वर मिनिटाला ७० फेरे मारणारा पाय १५५ वर आपसूक ७७ फेरे मारतो. टॉर्क नऊ टक्क्यांनी कमी, फेरे तेवढ्याच हिशेबाने जास्त, आणि ताकद दोन्हीकडे सुमारे २५० वॉट. तुमच्या मागच्या चाकावरच्या १०-५१ च्या कॅसेटमध्ये शेवटच्या दोन चकत्या ४५ आणि ५१ दातांच्या असतात, त्यांच्यातलाच फरक १३ टक्के आहे. म्हणजे क्रँक दीड सेंटीमीटरने छोटा केल्याचा परिणाम एका गिअरपेक्षाही कमी.

यावर प्रयोगही झाला आहे. अमेरिकेतले संशोधक जिम मार्टिन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १६ सराईत सायकलपटूंना १२०, १४५, १७०, १९५ आणि २२० मिमीच्या क्रँकवर पूर्ण जोर लावायला सांगितलं होतं. दहा सेंटीमीटरचा फरक! तरी सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट लांबीत ताकदीचा फरक होता जेमतेम चार टक्के. सर्वाधिक ताकद १४५ वर निघाली. सर्वाधिक ताकद देणारे फेरे मात्र लांबीप्रमाणे बदलले : १२० वर मिनिटाला १३६, २२० वर ११०. शरीर स्वतःच जुळवून घेतं. त्याच अभ्यासात पायाच्या लांबीच्या २० टक्के क्रँक सर्वोत्तम, असंही सूत्र निघालं आणि पुष्कळ लोक तेवढंच लक्षात ठेवतात. पण सूत्रापासून दूर गेल्यावर तोटा किती, तर नगण्य. मला त्या अभ्यासातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

दुसरं प्रचलित सूत्र जांघेपासून जमिनीपर्यंतच्या उंचीला ०.२१ ते ०.२१६ ने गुणायचं. मिस्टरांची ती उंची ८८ सेमीच्या आसपास असेल असं धरलं तर हे सूत्र त्यांना १८५ ते १९० चा क्रँक देतं. सपाट डांबरी रस्त्यावर बिनमोटरची सायकल हाणणाऱ्या उंच माणसाने तो जरूर वापरून पाहावा. मुळांनी भरलेल्या पायवाटेवर, २४ किलोच्या सायकलीवर, मी तो कुणालाही बसवून देणार नाही.

आता मोटरचं. तुमच्या दोघांच्या सायकलींत मोटर बॉटम ब्रॅकेटपाशी, म्हणजे क्रँकचा आस फ्रेममध्ये बसतो तिथे, आहे आणि तिच्यात टॉर्क सेन्सर आहे. तुम्ही किती जोर लावता ते मोजून ती त्या प्रमाणात मदत करते. म्हणून एक शंका नेहमी येते : छोट्या क्रँकवर टॉर्क कमी, तर मोटर मदतही कमी देईल का? त्याच गिअरमध्ये, तेवढ्याच फेऱ्यांवर राहिलात तर किंचित कमी देईल. पण तसं कुणी राहत नाही. पाय जरा भरभर फिरायला लागतो, आणि या मोटरींना तेच मानवतं. मिनिटाला ५०-५५ फेऱ्यांवर, जड गिअरमध्ये रेटत चढलात तर मोटर तापते आणि बॅटरी भराभर उतरते. ७५ ते ९० फेऱ्यांच्या टप्प्यात ती मोकळी चालते. गुडघ्याचंही तसंच आहे. सेन्सर आसावरचा टॉर्क थेट मोजतो, त्यामुळे नवी लांबी मोटरला कुठे सांगावी लागत नाही. पेडलमध्ये बसवलेला पॉवर मीटर (ताकद मोजणारं उपकरण) वापरत असाल तरच त्याच्या सेटिंगमध्ये लांबी बदला.

ई-एमटीबीवर पेडल जास्त का आपटतं, तेही इथेच कळतं. साध्या माउंटन बाइकवर दगडांचा पट्टा आला की आपण आधी वेग घेतो, पेडलं आडवी धरतो आणि तरंगत निघून जातो. चढ असेल तर सरळ उतरतो. मोटर असली की तोच पट्टा आपण चढावर, बसून, पेडल मारत पार करतो, कारण पेडल थांबलं की मोटरही थांबते. दर फेरीला प्रत्येक पेडल एकदा सर्वांत खाली जाणारच, आणि खाली दगड असणारच. वर मोटरचा जोर. साध्या सायकलीवर जी ठोकर नुसती दचकवते, ती इथे पेडलचा आस वाकवते किंवा माणसाला वाटेबाहेर फेकते.

मिस्टरांच्या सायकलीचा हिशेब मांडतो. अशा सायकलींत बॉटम ब्रॅकेट जमिनीपासून साधारण ३४५ मिमी वर असतो, पण हे रिकाम्या सायकलीचं माप. माणूस बसला की सस्पेन्शन दबतं. मागे १५० मिमीच्या ३० टक्के, पुढे २० टक्के धरलं तर बॉटम ब्रॅकेट जवळजवळ ४० मिमी खाली येतो. उरले ३०५. त्यातून १७५ क्रँकचे आणि पेडलच्या निम्म्या जाडीचे ८ गेले, की पेडलखाली १२२ मिमी मोकळे. त्यात एखाद्या मुळावरून चाक जाताना सस्पेन्शन आणखी ५० मिमी दबलं तर उरले ७२. सात सेंटीमीटरचा दगड तुमच्या वाटेवर दर दहा पावलांवर आहे. १६५ च्या क्रँकने हे ७२ चे ८२ होतात. दहा मिमी ऐकायला कमी वाटतात, पण शिल्लक मोजून बघा : जागा चौदा टक्क्यांनी वाढली.

तरी क्रँक विकत घेण्याआधी त्यांना शॉकमधली, म्हणजे मागच्या सस्पेन्शनमधली, हवा तपासायला सांगा, फुकटचं काम आहे. उंच माणूस, बहुधा वजनानेही भरलेला. शॉक दुकानातून आला तसाच असेल तर सॅग, म्हणजे नुसतं बसल्यावर सस्पेन्शन दबण्याचं प्रमाण, ३० ऐवजी ३८-४० टक्के निघतो आणि सायकल सगळी राइड खाली बसून चालते. शॉकच्या दांडीवरचं रबरी कडं सीलपर्यंत सरकवायचं, राइडच्या कपड्यांत, पाठीवर सॅक घेऊन हळूच बसायचं, न उसळता उतरायचं आणि कडं किती सरकलं ते मोजायचं. माझ्याकडे "पेडल आपटतं" म्हणून आलेल्या कितीतरी सायकली नुसती हवा भरून परत गेल्या आहेत. मागे २९ इंचीच्या जागी २७.५ इंची चाक बसवलं असेल तर तेही बघा. फ्रेम त्यासाठी बनलेली नसेल तर बॉटम ब्रॅकेट सेंटीमीटरभर खाली जातो.

१६५ बसवल्यावर पहिल्या राइडला ते म्हणतील की पाय कोंडल्यासारखे वाटतात, लहान मुलाची सायकल चालवतोय असं वाटतं. प्रत्येक उंच माणूस हे म्हणतो. दोन-तीन राइडनंतर ती तक्रार जवळजवळ कुणाचीच उरत नाही. उतारावरची तक्रार मात्र मी ऐकून घेतो. पेडलं आडवी धरून उभं राहिल्यावर दोन पावलांमधलं पुढचं-मागचं अंतर क्रँकच्या दुप्पट असतं : १७५ वर ३५० मिमी, १६५ वर ३३०. मोठ्या देहाच्या माणसाला वेगात हा फरक जाणवतो आणि काहींना तो आवडत नाही. म्हणूनच १८६ सेमीच्या माणसाला मी पहिल्या फटक्यात १५५ वर नेत नाही. १६५ वर महिनाभर चालवून पेडल अजून आपटत असेल तर १६०.

आता तुमच्याकडे येतो. तुमचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण दगडावर आपटलेलं पेडल दिसतं आणि गुडघ्यात काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. कमी उंचीच्या लोकांना, म्हणजे बहुतेक बायकांना, सायकल-उद्योगाने वर्षानुवर्षं लांब क्रँक देऊन ठेवले. फ्रेम एस साइझची, हँडल आखूड, सीट वेगळी, आणि क्रँक मात्र मोठ्या फ्रेमवरचेच. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण मी स्वतः तसे क्रँक बसवून दिले आहेत आणि दुखणाऱ्या गुडघ्यांना "सवय होईल" म्हटलं आहे.

पेडल सर्वांत वर येतं तेव्हा गुडघा सर्वांत जास्त दुमडतो, आणि तशा दुमडलेल्या अवस्थेतून लगेच जोर लावायचा असतो. पाय आखूड आणि क्रँक लांब असेल तर तिथे जागाच उरत नाही. शरीर मग पळवाट काढतं : गुडघा वर येताना बाहेर फेकला जातो किंवा कंबर एका बाजूला उचलली जाते. मिस्टरांना मागून मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगा, बेताच्या चढावर, मिनिटभर. गुडघे वर येताना बाहेर झुकताना दिसले तर क्रँक लांब असण्याची शक्यता बरीच. कंबर डाव्या-उजव्या बाजूला हलताना दिसली तर आधी सीट फार उंच नाही ना ते बघा, कारण तेही तसंच दिसतं.

क्रँक १७० वरून १५५ केला की पेडल सर्वांत खाली असताना ते पूर्वीपेक्षा १५ मिमी वर राहतं. पाय तेवढाच सरळ व्हायला हवा, म्हणून सीट १५ मिमी वर घ्यायची. आता वरच्या टोकाला बघा. पेडल १५ ने खाली आलं, सीट १५ ने वर गेली. मांडी आणि पोट यांच्यात, आणि गुडघ्यामागे, एकूण ३० मिमी जागा झाली. एका बदलात दुप्पट फायदा. सीट वर घेतलीच नाही तर फायदा निम्मा होतो आणि खालच्या टोकाला पाय अर्धवट दुमडलेला राहतो. गुडघ्याच्या पुढच्या दुखण्याचं सर्वांत नेहमीचं कारण खाली राहिलेली सीट हेच असतं. म्हणून आज, क्रँक घेण्याआधीच, सीट तपासा : टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वांत खाली नेलं की पाय जेमतेम सरळ व्हावा, कंबर न झुकवता. नाही झाला तर आधी ते नीट करा, दोन राइड करा, मग क्रँकचा विचार. गुडघ्याला सूज असेल, तो अडकत असेल किंवा रात्री ठणकत असेल तर फिटरकडे न येता हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

सीट मागे घ्यावी का, हाही प्रश्न येईल. पेडल पुढे आडवं असताना ते आता १५ मिमी सीटच्या जवळ आलेलं असतं, त्यामुळे रोड-बाइकच्या फिटिंगमध्ये सीट तेवढी मागे सरकवतात. ई-एमटीबीवर मी सरकवत नाही. खड्या चढावर वजन पुढे असलेलंच बरं, नाहीतर मोटरच्या जोराने पुढचं चाक उचलतं.

कमी उंचीच्या लोकांना आणखी एक फायदा मिळतो, तो सहसा कुणी सांगत नाही. सीट १५ मिमी वर गेली म्हणजे ड्रॉपर पोस्टलाही (चालवताना सीट खाली-वर करणाऱ्या दांड्यालाही) तेवढी जागा मिळते. आखूड पायांमुळे १२५ मिमीच्या ड्रॉपरवर अडकलेल्या काही जणींना क्रँक बदलल्यावर १५० चा बसवता आला. उतारावर सीट चढावरच्या उंचीपासून अडीच सेंटीमीटर जास्त खाली जाणं ही तुमच्या उंचीला मोठी गोष्ट आहे.

उंचीऐवजी माप कसं घ्यायचं ते सांगतो, कारण एकाच उंचीच्या दोन माणसांच्या पायांत पाच-सहा सेंटीमीटरचा फरक सहज असतो. अनवाणी, पाठ भिंतीला टेकवून, पावलांत वीतभर अंतर ठेवून उभं राहा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांमध्ये आडवं धरून वर ओढा, सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढ्या दाबाने. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. तीनदा मोजा आणि मधला आकडा घ्या. माझ्या अनुभवाने, हे माप ७२ सेमीपेक्षा कमी असेल तर १५० किंवा १५५ चा क्रँक, ७२ ते ७८ मध्ये १५५ किंवा १६०, ७८ ते ८५ मध्ये १६० किंवा १६५, त्यावर १६५. वाट गुळगुळीत असेल आणि माणूस दांडगा असेल तर फार तर १७०. दोन आकड्यांत अडलात तर छोटा घ्या. छोट्या क्रँककडचा हा कल ई-बाइकपुरताच नाही : व्यावसायिक सायकलपटू ताडेय पोगाचार १७६ सेमी उंच, आणि २०२४ च्या मोसमात तो १६५ वर आला होता, तोही डांबरी रस्त्यावर, बिनमोटरच्या सायकलीवर.

छोट्या क्रँकची खरी किंमत एकाच ठिकाणी मोजावी लागते : बॅटरी संपल्यावर. मोटर बंद पडलेली २४ किलोची सायकल सर्वांत हलक्या गिअरमध्ये चढावर रेटताना ते नऊ टक्के पुरेपूर जाणवतात. तुम्ही बॅटरी तळाला लावणाऱ्यांपैकी असाल तर पुढची ३४ दातांची चेनरिंग (क्रँकजवळची दातेरी चकती) बदलून ३२ ची घ्या. १५५ ने कमी झालेली तरफ त्यातून बरीचशी भरून निघते.

बसवण्याबद्दल थोडं. मधल्या मोटरच्या सायकलींत चेनरिंग मोटरवर वेगळी बसते, त्यामुळे दोन्ही क्रँक आर्म स्वतंत्र निघतात आणि चेनरिंगला हात लावावा लागत नाही. तुमच्या बॉशचा आस आयसिस दात्यांचा आहे. क्रँक काढायला त्याच मापाचा पुलर लागतो, हातोडी नाही. मिस्टरांच्या शिमानोला पुलर लागत नाही. आर्मचे दोन बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे, १२ ते १४ न्यूटन-मीटरवर टॉर्क रेंचनेच आवळायचे. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याला हात घातला की आर्म ढिला पडतो आणि दाते खाल्ले जातात. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. नवा आर्म घेताना लांबीसोबत त्याचा बाहेरचा झुकावही मोटरला जुळणारा हवा, नाहीतर तो चेनस्टेला, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला, घासतो. बसवल्यावर हाताने पूर्ण फेरा फिरवून बघा. सध्याची लांबी आर्मच्या आतल्या बाजूला, पेडलच्या भोकाजवळ कोरलेली असते. दुकानाच्या शब्दावर न जाता ती आधी वाचा.

पुण्या-ठाण्यातले काही जण हे वाचून आपल्या ई-सायकलला लावू बघतील, म्हणून सांगतो : तुमची मोटर मागच्या चाकात असेल आणि सेन्सर नुसता पेडल फिरतंय की नाही एवढंच बघत असेल, तर टॉर्कचा वरचा हिशेब तुम्हाला लागू नाही. तुम्ही किती जोर लावता हे त्या मोटरला कळतच नाही, त्यामुळे क्रँक छोटा केल्याने तिची मदत तसूभरही बदलत नाही. गुडघ्याचं आणि सीटचं गणित मात्र जसंच्या तसं लागू आहे, आणि पाच फूट उंचीच्या माणसाला १७० चे क्रँक तिथेही लांबच.

तुम्ही आधी स्वतःची सायकल करा, मिस्टरांची पुढच्या महिन्यात. जुनी सीट-उंची सीटपोस्टवर चिकटपट्टीने खुणेसाठी ठेवा, नवी तिच्यावर बरोबर १५ मिमी. पहिली राइड इझारच्या सपाट काठाने तासभर, एरवीपेक्षा एक गिअर हलका ठेवून. दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या मागच्या बाजूला ओढ जाणवली तर सीट ३ मिमी खाली घ्या, त्याहून जास्त नको, आणि पुन्हा तासभर चालवून बघा.